बुस्कलानला बातोक करायला जायचंय: मनिलाहून व्हॅन टूर की बोन्तोकमार्गे आपलं आपण?

फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या बुस्कलान गावाला जाऊन आल्यापासून ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, की अरे शनिवार-रविवारच्या त्या व्हॅनने जाऊ की बस आणि जीप पकडत स्वतः जाऊ. मी दोन्ही केलंय. नोकरीसाठी दोन वर्षं मनिलात होतो, तेव्हा पहिल्यांदा फेब्रुवारीत व्हॅनने गेलो आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी एकटा गेलो. त्यामुळे माझं मत ठरलेलं आहे हे आधीच सांगून टाकतो, पण तुमच्या हातात सुट्टी किती आणि नक्की काय गोंदवून घ्यायचंय यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

बातोक म्हणजे तिथलं हाताने टोचून करायचं पारंपरिक गोंदण आणि आपो (म्हणजे आजी) फांग-ओद म्हणजे ते करणाऱ्या बुस्कलानच्या प्रसिद्ध म्हाताऱ्या बाई, हे तुम्ही वाचलेलं असणार. एक गोष्ट मात्र लोक नीट लक्षात घेत नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये, वयाच्या १०६व्या वर्षी, आपो व्होग फिलिपिन्सच्या मुखपृष्ठावर आल्या, म्हणजे त्यांचं वय काय ते बघा. त्या आता बाहेरून येणाऱ्यांना फक्त तीन ठिपके काढून देतात, तीच त्यांची सही. एक ठिपका म्हणजे त्या स्वतः आणि बाकीचे दोन म्हणजे त्यांच्या नाती, ग्रेस आणि एल्यांग. ही विद्या रक्ताच्या नात्यातच द्यायची अशी बुतबुत लोकांची, म्हणजे इथल्या मूळ जमातीची रीत, आपोंना स्वतःचं मूल नाही, म्हणून भावंडांच्या नातींना शिकवली. पूर्ण डिझाइन हवं असेल, म्हणजे नेच्याचं पान, गोम, अजगराची खवलं वगैरे, तर ते या नाती किंवा गावातली इतर तरुण मुलंमुली करतात, आणि मी सांगतो त्यांचा हात अजिबात कमी नाही.

आता तीन ठिपके काही मिनिटांत होतात आणि मनगटाभोवतीचा एक साधा पट्टा करायचा तर दीड-दोन तास लागतात, कारण पपनसाच्या झाडाचा एक काटा, तो बांबूच्या काडीत खोचलेला, काजळी आणि पाणी एवढीच शाई, आणि त्या काडीवर दुसऱ्या दांडक्याने टकटक टकटक मारत जायचं, यंत्र नाही, रेघ एका झटक्यात ओढणं नाही, सगळं ठिपक्या-ठिपक्याने. व्हॅन की स्वतः, हा प्रश्न माझ्या मते इथेच येऊन सुटतो.

आधी व्हॅनचं चांगलं सांगतो, कारण चांगलं आहेच. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मनिलात बसायचं, झोपायचं, आणि सकाळी डोंगरात डोळे उघडायचे. कुठे गाडी बदलायची नाही, गाइड ठरलेला असतो (गावात स्थानिक गाइडशिवाय जाता येत नाही, स्वतः गेलात तरी तो घ्यावाच लागतो), राहायची जागा ठरलेली असते, जेवण ठरलेलं असतं. आमच्या व्हॅनमध्ये आम्ही १४ जण होतो, सगळे अनोळखी, आणि शेवटच्या चढाला एका मुलीला दम लागला तर तिघांनी तिची बॅग वाटून घेतली, असं वातावरण असतं. एकट्या बाईला पहिल्यांदाच जायचं असेल तर घरच्यांनाही व्हॅनचंच पटेल, आणि मी तरी त्यांना चूक म्हणणार नाही.

बऱ्याच व्हॅन वाटेत बनावे (डोंगरउतारावरच्या भाताच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध) आणि सगादा ही डोंगरातली गावंही दाखवतात. बनावेच्या व्ह्यू पॉइंटवर फोटो काढताना सगळे युनेस्कोचं वारसास्थळ बघितलं म्हणून खूश असतात, पण १९९५च्या त्या यादीत बाटाड, बंगान वगैरे गावांचे मळे आहेत, व्ह्यू पॉइंटवरून दिसणारे बनावेचे मळे त्यात नाहीत. बघायला सुंदरच आहेत, फक्त भाताचे मळेच बघायचे असतील तर त्यासाठी वेगळी ट्रिप काढा, बुस्कलानला जोडून उरकू नका.

स्वतः जायचं तर मनिलातल्या कुबाओहून रात्रीची, बोन्तोक या डोंगरातल्या गावाची बस, मला साधारण १२ तास लागले. बोन्तोकला उतरून पोटभर खा, एटीएममधून पैसे काढा आणि सुटे करून घ्या, पुढे गावात एटीएम नाही. मग तिंगलायनकडे जाणारी जीपनी (जीपसारखी लांब प्रवासी गाडी). ती भरली की सुटते, त्यामुळे घड्याळ बघण्यात अर्थ नाही, मी भाजीच्या पोत्यांवर पाय ठेवून तासभर बसून होतो आणि शेजारच्या आजींनी मला न विचारताच अर्धी केळी हातात ठेवली. बुग्नायला उतरायचं, तिथून वर जाणारी मोटरसायकल, आणि जिथे रस्ता संपतो तिथून पायी. माझी चाल बरी आहे तरी पाऊण तास लागला, पायऱ्या आहेत, पण चढ खडा आहे आणि पाऊस पडून गेलेला असला तर शेवाळ असतं.

बुग्नायबद्दल थोडं सांगायलाच हवं. माक्लीइंग दुलाग याच गावचे, बुतबुत लोकांचे म्होरके. १९७०च्या दशकात मार्कोस सरकारने चिको नदीवर धरणं बांधायची ठरवली, जागतिक बँक पैसा देणार होती, आणि या खोऱ्यातली गावं, भाताचे मळे, पूर्वजांची दफनं सगळं पाण्याखाली जाणार होतं. दुलाग उभे राहिले, आणि २४ एप्रिल १९८० ला सैनिकांनी त्यांना त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. त्यानंतर विरोध इतका पेटला की धरणं झाली नाहीत. म्हणजे आज आपण जिथे जाऊन हातावर नेचा गोंदवून घेतो तो मुलूख शाबूत आहे तो या लोकांमुळे. व्हॅनमध्ये मी या गावावरून झोपेत गेलो होतो. जीपनीतून उतरलो तेव्हा खाली चिकोचा आवाज येत होता आणि मोटरसायकलवाल्याने स्वतःहून हात करून दुलागांचं गाव दाखवलं. याला सोय-गैरसोयीच्या हिशोबात कुठे बसवायचं ते मला कळत नाही, पण माझ्यासाठी ते मोठं होतं.

आता ज्या एका गोष्टीने माझं ठरलं ती सांगतो. व्हॅनची परत निघायची वेळ.

शनिवारी आम्ही अकराच्या सुमारास गावात पोचलो. शनिवार म्हणजे सगळ्या व्हॅन एकाच दिवशी, सगळ्यांची माणसं एकाच दिवशी. नंबर लागतो. माझा नंबर साठच्या पुढे होता. संध्याकाळी आपोंच्या हातचे तीन ठिपके मिळाले, त्याचा आनंद आजही आहे, त्यांनी माझा हात मांडीवर घेतला आणि मान वर न करता काम केलं, एवढ्या म्हाताऱ्या हातात तेवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. पण डिझाइनचा नंबर त्या दिवशी आलाच नाही, दिवे लागले तसं काम थांबलं. रविवारी सकाळी सात वाजता मी पुन्हा जाऊन बसलो. मला डाव्या मनगटाच्या वर, हाताभोवती पूर्ण फिरणारा नेच्याच्या पानांचा पट्टा हवा होता, दोन ओळींचा. माझ्या आजीच्या हातावर मनगटापासून वर हिरवं गोंदण होतं आणि तेवढ्याच जागेवर मला काहीतरी हवं होतं, वर्षभर मनात होतं ते. गोंदणाऱ्या मुलीने गवताची काडी काजळीत बुडवून आधी नक्षी आखून घेतली, हात फिरवून फिरवून, जिथे ओळ जुळेना तिथे पुसून परत आखली. त्यातच वीस मिनिटं गेली. आणि आमची व्हॅन दहाला खालच्या रस्त्यावरून निघणार होती, म्हणजे गावातून सव्वानऊला तरी बाहेर पडायला हवं.

आमचा टूरवाला मुलगा भला होता, त्याच्यावर माझा राग नाही, बाकी तेरा जणांची जबाबदारी होती त्याच्यावर. तो तीनदा आला. पहिल्यांदा हसून विचारलं, अजून किती. दुसऱ्यांदा त्या मुलीला विचारलं. तिने हात थांबवला नाही, घाईही केली नाही, नुसती माझ्याकडे बघून भुवई उडवली, की तू सांग. तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मीच म्हटलं, एकच ओळ कर आणि फक्त वरच्या बाजूला, आतल्या बाजूला नको. आखलेली नक्षी तिने ओल्या फडक्याने पुसली. ते पुसणं मला अजून दिसतं. तिने शेवटी खोबरेल लावलं आणि अर्ध्या पट्ट्याकडे बघत मान हलवली, नापसंतीने नव्हे, पण तिलाही ते पुरतं वाटलेलं नव्हतं हे कळत होतं.

आणि मग त्या ताज्या हाताने तो उतार, आणि मग व्हॅनमध्ये सगळा दिवस. मी मधल्या सीटवर, डावीकडे एक दणकट माणूस, त्याच्या जाड जाकिटाची बाही प्रत्येक वळणाला माझ्या हातावर घासायची. त्या रस्त्याला वळणं किती आहेत ते जाऊन आलेल्यांना माहीत आहे. मनिलाला पोचेपर्यंत हात सुजून गरम झाला होता आणि दोन ठिकाणी खपली धरायच्या आधीच सोलवटलं, तिथले ठिपके आजही फिके दिसतात.

नोव्हेंबरात एकटा गेलो तो सोमवारी रात्री निघून. मंगळवारी दुपारी गावात पोचलो तेव्हा माझ्याशिवाय बाहेरचे पाचेक जण असतील. नंबर-बिंबर काही नाही. ज्या घरी उतरलो तिथल्या मनांगने (तिकडे थोरल्या ताईला मनांग म्हणतात) अंगणात वाळत घातलेल्या कॉफीच्या बिया बाजूला सरकवून मला बसायला जागा केली आणि तीच कॉफी पाजली. बुधवारी सकाळी तीच मुलगी भेटली. तिने माझा हात उलटा केला, अर्धा पट्टा बघितला, अंगठ्याने ते फिके ठिपके चाचपले आणि गवताची काडी उचलली. दोन तास लागले. मनगटाच्या आतल्या बाजूला फार दुखतं, खोटं कशाला सांगू, मी मनात टकटक मोजत होतो, ऐंशीपर्यंत मोजून सोडून दिलं. मध्ये तिने उठून चुलीत लाकूड सारलं, दोन घोट कॉफी प्यायली, परत बसली. कोणी विचारायला आलं नाही. ती रात्र मी तिथेच राहिलो, हात उशीवर मोकळा ठेवून झोपलो, आणि गुरुवारी निघताना सूज जवळजवळ उतरली होती. नव्या ओळी आज काळ्याभोर आहेत. आता हे सगळं एका माणसाच्या एका हातावरचं आहे, तुमची कातडी वेगळी असेल, तुमची व्हॅन जास्त सवड देणारी असेल, मला एवढंच माहीत आहे.

पैशाचं म्हणाल तर एकट्याने जाणं स्वस्त पडतं असं समजू नका. गाइडची फी ग्रुपमागे असते, एकटे असलात तर सगळी तुमच्यावर, त्यामुळे रस्ता संपतो तिथे आणखी कोणी सुटे प्रवासी दिसले तर विचारा, मला दोन जण मिळाले होते. दोघं-तिघं असाल तर फरक फारसा राहत नाही.

भारतातून येणाऱ्यांसाठी एक, ८ जून २०२५ पासून आपल्या पासपोर्टवर पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, म्हणजे आठवड्याच्या मधले दिवस बुस्कलानला देणं तुम्हाला उलट सोपं आहे, शनिवार-रविवारची अडचण नोकरीवाल्यांची. जून ते ऑक्टोबर पाऊस आणि वादळं, दरडी कोसळतात, तेव्हा दोन्हीपैकी कशानेच जाऊ नका. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात अख्खं मनिला डोंगरात असतं, तोही टाळा. आणि नियमित रक्तदान करत असाल तर आपल्याकडे टॅटूनंतर १२ महिने रक्त घेत नाहीत, तेव्हा जायच्या आधी एकदा देऊन जा.

मनिलातच कोणाकडून तरी हाताने टोचून घेऊ, एवढ्या लांब कशाला, असंही काही जण विचारतात. तसं करणारे आहेत, चांगले आहेत. पण २०१७ मध्ये आपोंनाच मनिलाच्या एका मोठ्या व्यापारी प्रदर्शनात आणून शेकडो लोकांना टोचायला बसवलं होतं, थकून पेंगुळलेल्या आपोंचा फोटो बघून तेव्हा लोक खूप संतापले होते. मला तरी वाटतं की आपण तिकडे जावं, त्यांच्या अंगणात, त्यांच्या सवडीने.

तर फक्त तीन ठिपके हवे असतील, एकच वीकेंड असेल, सोबत हवी असेल, तर व्हॅनने जा, ठिपक्यांना ती पुरते. पट्टा, दंड, पाठ असं काही मनात असेल तर दोन रात्री काढा आणि मंगळवार-बुधवार धरून बोन्तोकमार्गे जा असं मी तरी म्हणेन. आणि तरीही व्हॅननेच जाऊन डिझाइन करणार असाल तर ज्या हातावर करायचं त्या बाजूच्या खिडकीची सीट शुक्रवारी बसतानाच टूरवाल्याकडून परतीसाठी कबूल करून घ्या, आणि सैल, पातळ, लांब बाह्यांचा एक जुना सुती शर्ट बॅगेत वरच ठेवा.