प्रोजेक्टला 1930 घ्यायचं की 1942?

ऑगस्ट जवळ आला की इकडे बडोद्यातल्या मराठी घरांत हा प्रश्न निघतोच, मुलांनी प्रोजेक्टला किंवा भाषणाला मिठाचा सत्याग्रह घ्यावा की चले जाव. कायदेभंग दोन्हीकडे आहे, पण चालले एकदम वेगळ्या तऱ्हेने.

1930 ला सगळं आधी सांगून केलेलं. 2 मार्चला व्हाइसरॉयला पत्र, 12 ला साबरमतीहून 78 जणांना घेऊन गांधीजी निघाले, साधारण 385 किमी चालून 5 एप्रिलला दांडीला पोचले आणि 6 ला मीठ उचललं. मीठ सगळ्यांच्याच घरात लागतं त्यामुळे हा विषय कोणाला समजावून सांगावाच लागला नाही. आणि जिथे समुद्र नाही तिथे लोकांनी जंगलाचा कायदा मोडला, सांगली जिल्ह्यातलं बिळाशी गाव बघा. आपल्या बडोद्याचं नातं तर थेट आहे, गांधीजींना अटक झाल्यावर धारासणाच्या मिठागराकडे जायची जबाबदारी घेतली अब्बास तय्यबजींनी, बडोदा हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश, वय 76! त्यांनाही पकडलं, मग सरोजिनी नायडू आल्या. 21 मे ला तिथे एकेक रांग पुढे जायची, डोक्यावर लाठ्या पडायच्या, कोणी वाचवायला हातसुद्धा वर करायचं नाही, पडलेल्यांना उचलून नेलं की पुढची रांग निघायची.

1942 चं उलटं. 8 ऑगस्टच्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर चले जावचा ठराव झाला आणि सकाळपर्यंत पुढारी आत, म्हणजे पुढे काय करायचं हे सांगायलाच कोणी बाहेर नाही, मग जे सुचेल ते लोकांनीच केलं. साताऱ्याचं प्रतिसरकार म्हणजे लोकांनीच चालवलेलं समांतर सरकार, मुंबईत उषा मेहतांचा 42.34 मीटरवरचा चोरटा रेडिओ. इथून जवळ अडासला त्याच महिन्यात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच विद्यार्थी गेले, ही गोष्ट बडोद्याच्या प्रत्येक मुलाला माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. फक्त यात तारा तोडणं, रूळ उखडणं पण आलं, मग हे अहिंसक होतं का असं परीक्षक विचारणारच आणि त्याचं उत्तर मुलाला स्वतःचं देता आलं पाहिजे.

म्हणून आठवी-नववीपर्यंत 1930 घ्या, कारण आणि परिणाम सरळ दाखवता येतात. कॉलेजवाल्यांनी 1942 घ्यावं, त्यात वाद घालायला जागा आहे. पण 1930 घेतलंत तर दांडीवर थांबू नका, बहुतेक चार्ट तिथेच संपतात, धारासणापर्यंत न्या.