पाणचक्की : राज्यकर्त्याच्या कर्तव्याचे फिरते जाते

छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्की बहुतेक पर्यटक बीबी का मकबरा पाहून उरलेल्या अर्ध्या तासात उरकतात. हौद, वडाचे झाड, एखादे छायाचित्र, की निघाले. माझ्या मते इथे किमान दोन तास काढावेत, कारण प्रजेच्या पोटाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला इस्लामी परंपरेने दिलेले एक उत्तर इथे प्रत्यक्ष पाहता येते.

डोंगरातील झऱ्याचे पाणी कित्येक किलोमीटर मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढवले आहे आणि तिथून पडणाऱ्या धारेच्या जोरावर खालचे जाते फिरते. बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याशी जोडलेली ही चक्की 18व्या शतकात पहिल्या निजामाच्या पदरी असलेल्या तुर्कताज खान या सरदाराने उभारली. तिचे पीठ यात्रेकरू आणि फकीर यांच्यासाठी असे. छावणीतील शिपायांसाठीही दळण होई, त्यामुळे हे सारे निखळ दानधर्मच होते, असे मी म्हणणार नाही.

जात्यासमोर उभे राहिल्यावर पैगंबरांनंतर मुस्लिमांचे दुसरे प्रमुख झालेले खलिफा उमर यांची कथा आठवल्यावाचून राहत नाही. मदिनेबाहेर रात्री एक बाई भुकेल्या मुलांची समजूत काढण्यासाठी चुलीवर नुसतेच पाणी उकळत बसलेली त्यांना दिसली. तेव्हा उमर यांनी कोठारातून पिठाची गोणी काढली, ती स्वतःच्या पाठीवर घेतली आणि ओझे मागणाऱ्या सेवकाला, ‘कयामतीच्या दिवशी माझा भार तू वाहशील काय?’ असे विचारले, अशी ती परंपरेने सांगितली जाते. प्रत्येक जण राखणदार आहे आणि आपल्या कळपाबद्दल त्याला जाब द्यावा लागेल, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, राज्यकर्त्याला प्रथम लागू होते, ती याच अर्थाने. कुराणाच्या सूरह तौबातील 60व्या आयतीत जकातीच्या, म्हणजे ऐपतदार मुस्लिमांनी द्यायच्या बंधनकारक दानाच्या, खर्चाच्या आठ बाबी नेमून दिल्या आहेत आणि वसुली करणाऱ्यांचा मेहनतानाही त्यांत धरला आहे. म्हणजे गरिबांचा वाटा गोळा करण्यासाठी कारभारी यंत्रणा असणे तिथे गृहीतच आहे.

तरीही उमर यांच्या कथेत मला एक उणीव जाणवते. रात्री गस्त घालणारा खलिफा प्रत्येक पिढीला कुठून मिळणार? पाणचक्की त्या बाबतीत सरस वाटते, कारण झरा आणि नळ शाबूत असेपर्यंत जाते फिरायला कोणाच्या मर्जीची गरज पडत नाही. वक्फ संस्थेमागचा विचारही असाच आहे, की एकदा अल्लाहच्या नावे दिलेली मालमत्ता विकता येत नाही आणि देणाऱ्याच्या वारसांकडेही जात नाही. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय याच आवारात आहे, हा योग मला अर्थपूर्ण वाटला.

पावसाळा सरल्यावर, पाणी भरपूर असताना जावे. हौदाच्या तळाखाली जाड खांबांवर उभे असलेले दालन आहे, ते आवर्जून पाहावे. डोक्यावर पाणी असल्यामुळे भर दुपारीही तिथे गारवा असतो.