डेथ इन्व्हेस्टिगेटरच्या ऑनलाइन कोर्समध्ये माझे पैसे गेले, पुण्यातल्या मुलामुलींनी हे वाचाच

लिहू की नको असं तीन आठवडे चाललंय. घरी पप्पांना अजून पूर्ण आकडा माहीत नाही. पण काल त्याच लोकांची जाहिरात परत दिसली, इन्स्टिट्यूटचं नाव बदललंय, लोगो बदललाय, पण तोच पांढऱ्या कोटातला माणूस, तेच "घरबसल्या डेथ इन्व्हेस्टिगेटर (मृत्यू कसा झाला याची तपासणी करणारा माणूस) बना", आणि खाली आपल्याच पुण्यातल्या पोरींच्या कमेंट, फी किती, बीएस्सी चालेल का. ते बघून राहवलं नाही.

आकडे आधीच सांगते. सीट बुकिंग १२,०००. लोन १,०८,०००, महिना ९,००० चे १२ हप्ते. "प्रॅक्टिकल किट" ६,५००. "इंटरनॅशनल सर्टिफिकेशन"ची परीक्षा फी १८,७५०. एकूण १,४५,२५०. त्यातले ८२,२५० गेलेत आणि ६३,००० अजून जायचेत. फी म्हणे १,६०,००० होती, त्यात ४०,००० ची स्कॉलरशिप "फक्त आज रात्री १२ पर्यंत". ही ट्रिक सगळ्यांना माहीत असते, मलाही होती, तरी त्या रात्री पावणेबाराला मी ओटीपी सांगितला.

मी धनकवडीत राहते, बीएस्सी केमिस्ट्री, चार वर्षं चाकणला औषध कंपनीत क्यूसीला म्हणजे गुणवत्ता तपासणीला आहे, एचपीएलसी नावाच्या मशीनवर, औषधात काय किती आहे ते तपासते. शिफ्ट, कंपनीची बस, घरी येऊन झोप. फॉरेन्सिकचं वेड कॉलेजपासून होतं, पण नोकरी सोडून दोन वर्षं एमएस्सी करणं घरात परवडणार नव्हतं, म्हणून ऑनलाइन बघत होते. यात माझं काय चुकलं? शिकावंसं वाटणं हा गुन्हा नाही. आणि इन्स्टिट्यूटच्या काउन्सेलर मॅडमनी फोनवर जे सांगितलं त्यातलं निम्मं खरंच होतं. त्या म्हणाल्या, नवीन कायद्यात म्हणजे बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक एक्स्पर्टनी स्पॉटवर जाणं कंपल्सरी झालंय. मी चेक केलं, कलम खरं निघालं. पण त्याच कलमात राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीय, आणि तो एक्स्पर्ट कुठल्याही ऑनलाइन सर्टिफिकेटवाल्याला नेमतील असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. मी कलमाचा आकडा जुळला एवढंच बघितलं आणि थांबले.

आता जे आठवलं की रात्री झोप लागत नाही ते सांगते. जानेवारीतला रविवार, दुपारी डेमो लेक्चर होतं, मी हॉलमध्येच लॅपटॉप घेऊन बसले होते आणि मामा आले होते. मामा पोलिसात हवालदार म्हणून रिटायर झालेत, अकस्मात मृत्यूच्या म्हणजे एडीच्या केसेस आयुष्यभर केल्यात, विहिरीतून बॉडी काढण्यापासून ससून हॉस्पिटलला पोचवण्यापर्यंत. डेमोमधले सर म्हणाले, बॉडीजवळ सगळ्यात आधी डेथ इन्व्हेस्टिगेटर जातो आणि तो कोरोनरला, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, रिपोर्ट देतो. मामा चहा पिता पिता म्हणाले, "अगं, आपल्याकडं कोरोनर कुठाय? मुंबईत होता, तो पण बंद करून जमाना झाला. मरणोत्तर पंचनामा आमचे साहेब करतात, दोन पंच उभे करून. आणि पीएम, पोस्टमॉर्टेम, डॉक्टर करतो. हा मधला माणूस कोण?"

मी काय केलं, तर माइक म्यूट आहे ना ते बघितलं आणि म्हणलं, "मामा, तुमच्या वेळचं वेगळं होतं, आता कायदा बदललाय." ते काही बोलले नाहीत, कप ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मामांचा शब्दन् शब्द बरोबर होता. मुंबईतला कोरोनर १९९९ ला बंद झाला. कायदा बदलला हेही खरं, पण बदललं काय, तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं म्हणजे सीआरपीसीचं कलम १७४ होतं ते बीएनएसएसमध्ये १९४ झालं. इन्क्वेस्ट म्हणजे तो मरणोत्तर पंचनामा आजही पोलीसच करतात, कस्टडीतला मृत्यू असेल तर मॅजिस्ट्रेटची चौकशी, आणि पोस्टमॉर्टेम फक्त डॉक्टर. "डेथ इन्व्हेस्टिगेटर" नावाची पोस्ट आपल्याकडं नाहीच, ती अमेरिकेतली नोकरी आहे. मला जी नोकरी विकली ती या देशात नाही, आणि हे सांगणारा माणूस माझ्या घरात सोफ्यावर बसला होता.

कोर्समध्ये काय होतं विचाराल तर रेकॉर्डेड व्हिडिओ आणि पीडीएफ, तेही कुठून तरी उचललेले. बॉडी तासाला दीड डिग्री फॅरनहाइट थंड होते त्यावरून मृत्यूची वेळ काढायची, असा फॉर्म्युला पाठ करून घेतला. एप्रिलमध्ये मी डाउट टाकला की सर आपल्याकडं उन्हाळ्यात बाहेर ४० डिग्री सेल्सिअस असतं, बॉडीच ३७ ची, मग ती थंड कशी होणार? दोन दिवसांनी उत्तर आलं, "गुड क्वेश्चन, ॲडव्हान्स मॉड्यूलमध्ये कव्हर होईल." ते मॉड्यूल कधी उघडलंच नाही. ६,५०० च्या किटमध्ये ग्लोव्हज, चिमटा, फिंगरप्रिंटची काळी पावडर, एक ब्रश आणि मोजपट्टी. बोहरी आळीत हजाराच्या आत झालं असतं.

आणि ते १८,७५०. अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकोलीगल डेथ इन्व्हेस्टिगेटर्स हे बोर्ड खरं आहे, त्याचं नाव घेऊन पैसे मागितले. पण त्यांची पहिल्या पातळीची परीक्षा द्यायलासुद्धा कोरोनर किंवा मेडिकल एक्झामिनरच्या (तिकडचा मृत्यूची तपासणी करणारा डॉक्टर) ऑफिसात प्रत्यक्ष नोकरी आणि ६४० तासांचा अनुभव लागतो. धनकवडीत बसून मी ते कुठून आणणार होते? हे मी पैसे भरल्यावर वाचलं. तुम्ही आधी वाचा, कुठल्याही परदेशी सर्टिफिकेटची पात्रता त्या बोर्डाच्या स्वतःच्या पानावर जाऊन वाचा, काउन्सेलरनी पाठवलेल्या पीडीएफवर नाही.

मे महिन्यात "ससूनच्या डेडहाउसमध्ये इंटर्नशिप" म्हणून लेटर आलं. सुट्टी टाकून गेले. तिथल्या माणसानं लेटर उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, ताई असं काही नसतं, आमच्याकडं कोणाचं नाव आलेलं नाही. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एवढंच विचारलं की बाकी कोणाला लेटर आलंय का, दहा मिनिटांत मला काढलं आणि रात्री ग्रुपच बंद केला.

मग सुरू झाली फिरवाफिरवी. आमच्या चौकीत गेले तर म्हणाले, ऑनलाइन आहे ना, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुमचा ओटीपी चोरला नाही, तुम्ही स्वतः दिला, कोर्स आवडला नाही तर तो दिवाणी मामला. मी म्हणलं आवडण्याचा प्रश्नच नाही, इंटर्नशिपचं लेटर खोटं आहे, हे बघा. त्यांनी लेटर हातातसुद्धा घेतलं नाही. इन्स्टिट्यूटचा पत्ता बाणेरचा, मग म्हणे तिकडच्या हद्दीत जा. तिकडं गेले तर तो पत्ता कोवर्किंगचा, टेबल भाड्याचं, मार्चमध्येच सोडलेलं. तिथले साहेब म्हणाले, पैसे कुठून दिले, धनकवडीतून, मग गुन्हा तिकडचा. तीन सुट्ट्या गेल्या. शेवटी मामा स्वतः आले सोबत, ज्या खात्यात त्यांनी आयुष्य काढलं तिथं बाकावर दोन तास बसले, आणि मिळालं काय, तर साध्या अर्जावर पोच. बीएनएसच्या (भारतीय न्याय संहिता) कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल करा एवढीच मागणी होती. एक जण तर मला म्हणाला, शिकलेल्या मुली तुम्ही, तुम्हाला कळत नाही का? हो, नाही कळलं. म्हणून तर तुमच्याकडं आले होते.

लोनवाली कंपनी वेगळीच. त्यांचं एकच, कोर्सचं भांडण इन्स्टिट्यूटशी, हप्ता थांबवला तर सिबिल म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर खराब. मला काउन्सेलर "ईएमआय" म्हणाल्या होत्या, लोन हा शब्दच नाही. सगळे १,०८,००० तिसऱ्या दिवशी इन्स्टिट्यूटला गेले होते, तिकडं वर्ग चालो न चालो. लोनच्या कागदात कूलिंग ऑफ म्हणून तीन दिवसांत रद्द करायची सोय होती. १४ पानांतलं अकरावं पान, मी उघडलंच नव्हतं. तेव्हा ईएमआय म्हणले की विचारा, लोन कोणाच्या नावावर? कागद त्याच रात्री वाचा. आणि पैसे खात्यातून चोरीला गेले असतील तर मिनिटं न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखं महिनोन्महिने वाट बघू नका.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? सरकारी फॉरेन्सिक लॅबमध्ये सायंटिफिक असिस्टंटच्या जागा निघतात तेव्हा केमिस्ट्रीची डिग्री चालते. व्हिसेरात (मृताच्या पोटातले अवयव) विष आहे का हे शोधायचं काम केमिस्टचंच आहे, मी चार वर्षं करतेय त्याच्याच जवळचं. गणेशखिंडीतली लॅब मी कंपनीच्या बसमधून किती वेळा बघितलीय. आणि शिकायचंच असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी फॉरेन्सिक इन्स्टिट्यूट आहेत, गांधीनगरला एनएफएसयू, म्हणजे राष्ट्रीय फॉरेन्सिक विद्यापीठ आहे. पीएम करायचं स्वप्न असेल तर एमबीबीएसला पर्याय नाही, कोणी काही सांगो. ऑनलाइन डिग्री म्हणणारा कोणी भेटला तर यूजीसीच्या डीईबीच्या म्हणजे दूरशिक्षण विभागाच्या यादीत नाव बघा. माझ्यावाल्यांचं नव्हतं, कारण ते डिग्री म्हणतच नव्हते, "प्रोफेशनल प्रोग्राम" म्हणायचे.

आता ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंत तिथं फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि सारखीच तक्रार असणारे अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीनं एकत्र येऊ शकतात. जानेवारीच्या बॅचमध्ये आम्ही ४१ जण होतो. त्यातलं कोणी हे वाचत असेल तर लाज वाटून गप्प बसू नका, मीही महिनाभर बसले होते. पेमेंटच्या पावत्या, लोनचा कागद, ससूनचं लेटर आणि ग्रुपचे स्क्रीनशॉट फोनमधून काढून आधी दुसरीकडं सेव्ह करा. त्यांचं पोर्टल मंगळवारपासून उघडत नाहीये.