उचलला की बंद पडणारा जुना लॅपटॉप : दुरुस्तीनंतरचे आठ महिने

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. २०१५ साली घेतलेला १५ इंची लॅपटॉप अजून रोज दहा तास चालवतो. चौथ्या पिढीचा आय-३, ८ जीबी रॅम, मधे कधीतरी बसवलेली एसएसडी (न फिरणारी डिस्क). टॅलीतला हिशेब आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाची बिलं, एवढंच त्याच्यावर होतं, आणि तेवढ्याला तो आजही कमी पडत नाही.

यंदा फेब्रुवारीत, ऐन हंगामात, त्यानं त्रास द्यायला सुरुवात केली. टेबलावर ठेवला की दिवसभर काही नाही. सौदा संपला, उचलून आतल्या खोलीत न्यायला लागलो, की टप्प. निळा स्क्रीन नाही, कुठला मेसेज नाही, पंखासुद्धा त्याच क्षणी गप्प. समोर पट्टीची वाट बघणारा शेतकरी, पहाटेपासून गाडीबरोबर ताटकळलेला, आणि मी डेटा उघडतोय का बघत बसलेला. एकदा तर टॅलीचा बिघडलेला डेटा रीराइट करून दुरुस्त करावा लागला. पोटात गोळा आला होता त्या दिवशी.

पहिल्या दुकानात बॅटरी काढून बघितली आणि सांगितलं, मदरबोर्ड गेला, साडेसहा हजार होतील. कशावरून, असं विचारलं तर उत्तर नाही. मला हे पटलं नाही. ज्याचा बोर्ड गेलाय तो टेबलावर दहा दहा तास कसा चालेल?

रविवारी घरी बसलो. आधी सगळा डेटा पेन ड्राइव्हवर घेतला. कुणी करणार असाल तर हे पहिलं करा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर चालू मशीन हलवून बघूच नका. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडला. प्रत्येक वेळी कर्नल-पॉवर ४१ (मशीन नीट बंद न होता गेल्याची नोंद), आणि बगचेक कोड, म्हणजे विंडोजच्या बिघाडाचा आकडा, शून्य. म्हणजे विंडोज कोसळली नव्हती, तिच्या पायाखालची वीजच गेली होती. तापमान ६० अंशांच्या आसपास, त्यामुळे उष्णतेचाही प्रश्न नव्हता.

बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर चालवला आणि उचलला : बंद. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर : तरी बंद. इथं मला खरा धागा सापडला. बॅटरीचे पॉइंट सैल असते तर चार्जरवर चालला असता, चार्जरची पिन हलत असती तर बॅटरीवर चालला असता. दोष दोन्हींच्या पुढं, आत कुठंतरी होता. रॅम काढून, खोडरबरानं पुसून परत बसवली. फरक नाही. मग कोपरा कोपरा धरून उचलला. उजवीकडून वीस वेळा उचलला, काही झालं नाही. डावीकडून, बिजागरीच्या बाजूनं, तिसऱ्याच वेळी गेला. ती बिजागरी वर्षभर झाकण उघडताना करकरत होती आणि मी दुर्लक्ष केलं होतं.

विश्रामबागेतल्या एका कारागिराला एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "काका, मग आपण बिजागरीपासूनच उघडू." बोर्ड उचलला आणि खाली तुरीच्या डाळीएवढा पितळी नट, त्याला काळ्या प्लास्टिकचा तुकडा चिकटलेला. बिजागरीचा स्क्रू ज्या खुंटीत बसतो ती फुटून नट बोर्डाखाली सरकला होता. घट्ट अडकल्यामुळं खुळखुळायचाही नाही. डावा कोपरा दाबला की प्लास्टिक वाकायचं, नट बोर्डाच्या डाखांना टेकायचा आणि शॉर्ट झाला की मशीन स्वतःला वाचवायला वीज तोडायचं. बोर्डावर तिथं एक बारीक चकचकीत ओरखडा होता. पंख्याच्या जाळीत हळदीच्या पुडीचा पिवळाधमक थर बसला होता, तोही ब्रशनं काढला.

नट अरल्डाइटनं परत बसवला, एक दिवस वाळू दिला, बोर्डाखाली उष्णता सोसणारा पिवळा टेप लावला आणि बिजागरी अर्धा आटा सैल केली. सगळे मिळून ८०० रुपये. बिजागरी सैल करणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ती तशीच घट्ट ठेवली असती तर खुंटी परत फुटली असती.

मार्चपासून आजपर्यंत, नोव्हेंबर आहे, उचलताना एकदाही बंद पडला नाही. जुलैत एकदा बंद पडला तेव्हा धस्स झालं, पण तो टेबलावर, बॅटरीवर असताना, १८ टक्के दाखवत असताना गेला. विंडोजच्या पॉवरसीएफजी ह्या कमांडनं बॅटरी रिपोर्ट काढला : मूळ क्षमता ४८,८४० मिलीवॉट-तास, आता भरते १७,००० च्या आत. हा बॅटरीच्या वयाचा दोष आहे, त्या नटाशी त्याचा संबंध नाही. नवी बॅटरी अजून घेतली नाही, चार्जर लावूनच बसतो.

झाकण आता मधोमध धरून उघडतो आणि उचलताना दोन्ही हात खाली घालतो. दुकानातल्या पोरांनाही तसंच सांगितलंय. ह्याच्यावरच्या विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी नाव नोंदवलं आहे. फेब्रुवारीत नवी हळद येईल, तो हंगाम ह्याच लॅपटॉपवर काढणार.