मोठ्या नावाची अकादमी की छोट्या क्लबची? हो म्हणण्याआधी काय ताडून पाहावं

मुलाला फुटबॉलच्या दोन क्लबांची बोलावणी एकदम आली की घरात पहिला कौल मोठ्या नावाला पडतो. डझनभर मैदानं, स्वतःचं वसतिगृह, भिंतीवर जगज्जेत्यांचे फोटो. दुसरा क्लब मधल्या फळीतला, कधी खालच्या श्रेणीतला. पण त्याच्या मुख्य संघात दर हंगामात घरचाच एखादा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा दिसतो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी फोटोंकडे पाठ फिरवून आधी मुख्य संघाच्या गेल्या चार-पाच हंगामांच्या याद्या काढून बसेन. अकादमीतून आलेले त्यात किती आणि त्यांना प्रत्यक्ष मैदानावर मिनिटं किती मिळाली, हे मोजेन. नुसती पदार्पणं मोजून भागत नाही. चषकाच्या एखाद्या हलक्या सामन्यात शेवटची चार मिनिटं उतरलेला मुलगाही माहितीपत्रकात ‘आमच्या अकादमीतून थेट मुख्य संघात’ म्हणून झळकतो.

दार कुठे उघडतं

लंडनच्या चेल्सी क्लबच्या युवा संघाने २०१४ ते २०१८ अशी सलग पाच वर्षं एफए युथ कप, म्हणजे इंग्लंडमधला युवा संघांचा चषक, जिंकला. २०१५ आणि २०१६ मध्ये युरोपातली युवा लीगही त्यांचीच. शिकवण्यात काही उणं होतं असं कुणी म्हणणार नाही. तरीही त्या पोरांपैकी मुख्य संघात पाय रोवलेले त्या काळात बोटांवर मोजण्याइतकेच. मालकाची तिजोरी उघडी, प्रशिक्षकाची खुर्ची दोन-तीन पराभवांवर लटकलेली. अशा ठिकाणी अठरा वर्षांच्या मुलावर जोखीम कोण घेणार? तयार खेळाडू विकत आणणं सोपं. मग २०१९ मध्ये फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक महासंघाने, क्लबवर नवे खेळाडू घ्यायची बंदी घातली. कारण काय, तर अल्पवयीन खेळाडूंच्या बाबतीतले नियम मोडले म्हणून. त्याच हंगामात मेसन माउंट, टॅमी अब्राहम, फिकायो टोमोरी, रीस जेम्स हे सगळे मुख्य संघात खेळू लागले. सहाव्या वर्षापासून त्याच क्लबात वाढलेले माउंट आणि जेम्स २०२१ च्या चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सुरुवातीपासून मैदानावर होते आणि चेल्सी जिंकली. पोरं आधीही तीच होती.

बार्सिलोनाचंही असंच. २०१० च्या बॅलन डी’ओरचे, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचे, पहिले तिघे मेस्सी, इनिएस्ता आणि झावी हे ला मासिया या बार्सिलोनाच्या एकाच अकादमीतून आलेले. २०१२ मध्ये लेवान्तेविरुद्धच्या सामन्यात तर काही काळ अकराच्या अकरा खेळाडू तिथलेच होते. त्यानंतर क्लबने महागडे खेळाडू आणायला सुरुवात केली आणि अकादमीतून वर येणारी धार बारीक झाली. पुढे कर्ज डोईजड झालं, खरेदी परवडेना, आणि लामिन यमाल २०२३ मध्ये पंधराव्या वर्षीच लीगमध्ये उतरला. त्याची प्रतिभा वादातीत आहे, पण खिसा भरलेला असता तर एवढ्या लवकर संधी मिळाली असती का, याबद्दल मला शंका आहे.

स्पेनमधलाच अॅथलेटिक बिलबाओ याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. बास्क प्रदेशात जन्मलेले किंवा तिथे घडलेलेच खेळाडू घ्यायचे, हे त्यांचं धोरण. बाजारच इतका चिंचोळा की लेसामातल्या अकादमीतून मुलं आली नाहीत तर संघच उभा राहणार नाही. तरीही हा क्लब स्पेनच्या वरच्या श्रेणीतून एकदाही खाली गेलेला नाही. तिथल्या सतरा वर्षांच्या मुलासमोरची रांग खरोखर छोटी असते. अर्थात त्या रांगेत उभं राहायलाही बास्क नातं लागतं, त्यामुळे बाकीच्यांना ही तुलना फक्त मोजपट्टी म्हणून कामाची.

माझ्या लेखी सर्वांत उमेद वाटावी असा तिसरा प्रकार आहे, ज्याला लोक जरा नाक मुरडून ‘विकणारे क्लब’ म्हणतात. नेदरलँड्सचा आयाक्स, पोर्तुगालचे बेनफिका आणि स्पोर्टिंग लिस्बन. यांचा खर्च खेळाडू विकूनच भागतो. आणि दुकानात मांडल्याशिवाय माल खपत नाही. मुलाला मुख्य संघात खेळवलं तरच त्याला भाव येतो. जोआओ फेलिक्सला पोर्तोने कोवळ्या वयात हातचं सोडलं, बेनफिकाने घेतलं, मुख्य संघात जेमतेम एक हंगाम खेळवलं आणि २०१९ मध्ये १२.६ कोटी युरोला अॅटलेटिको माद्रिदला विकलं. मुलाकडे नफा म्हणून बघतात हे खरं. पण त्या नफ्यासाठीच त्याला मैदानावर उतरवतात, हेही तितकंच खरं.

शिकवतात काय

इथे फरक वाटतो त्यापेक्षा कमी आहे. जवळपास प्रत्येक चांगल्या अकादमीत दिवसाची सुरुवात ‘राँडो’ने होते: सहा-सात जण गोल करून उभे, मध्ये दोघे चेंडू हिसकावायला. बाहेरच्यांना एकाच स्पर्शात चेंडू पुढे सरकवायचा. नवखा मुलगा चेंडू पायाशी आल्यावर मान वर करतो आणि तोवर मधला अंगावर आलेला असतो. मुरलेला मुलगा चेंडू येण्याआधीच डावा-उजवा खांदा फिरवून बघून घेतो, शरीर थोडं तिरकं ठेवतो आणि लांबच्या पायावर चेंडू घेतो. हा एवढासा फरक अंगात भिनायला वर्षं जातात, आणि तेच शिकवणीचं खरं काम आहे.

आयाक्समध्ये मुलाला चार निकषांवर जोखतात: तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. बार्सिलोनात जागेचं भान सर्वांत वर. इंग्लंडमध्ये २०१२ पासून अकादम्यांना प्रतवारी आहे. नवव्या वर्षाच्या गटापासून नोंदणी होते आणि सोळाव्या वर्षी पुढच्या दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळते किंवा निरोप. तिथे लहान गटांना आधी पाच-पाच, मग सात-सात, मग नऊ-नऊ आणि त्यानंतरच अकरा-अकरा जणांचे सामने असतात. छोट्या मैदानावर प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो, म्हणून. एखादी अकादमी आठ-नऊ वर्षांच्या मुलांना पूर्ण मैदानावर अकरा-अकरा खेळवत असेल, तर मोठ्या क्लबचं बोधचिन्ह असलं तरी मी दोनदा विचार करेन.

एक सामना बघायला जा आणि चेंडूकडे न बघता प्रशिक्षकाकडे बघा. मागच्या फळीतला मुलगा चेंडू लांब न फटकावता पास द्यायला गेला, चुकला आणि गोल बसला, तर प्रशिक्षक काय करतो? ओरडला तर समजा की तिथे दहा वर्षांच्या मुलांचे निकाल मोजले जातात. मोठ्या क्लबात हे होत नाही असं अजिबात नाही. उलट तिथे जिंकायची सवय हाच मान असतो.

शरीर आधी की डोकं आधी

वयोगटाच्या तारखेमुळे एकाच संघात जवळपास वर्षभराचं अंतर असलेली मुलं खेळतात. दहाव्या-बाराव्या वर्षी ते अंतर फार मोठं असतं. त्यामुळे जगभरच्या अकादम्यांत गटाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा दिसतो. त्यात कुणी बाराव्या वर्षीच ताडमाड होतो, तर कुणाचा आवाज पंधराव्या वर्षीही फुटलेला नसतो. अँटोइन ग्रीझमनला अंगाने लहान म्हणून फ्रान्समधल्या क्लबांनी नाकारलं आणि स्पेनच्या रिआल सोसिएदादने घेतलं. हॅरी केनला आर्सेनलने लहानपणी एका हंगामातच सोडून दिलं. पुढे तो शेजारच्याच टॉटनहॅमचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला.

जाणत्या अकादम्या आता मुलाची उभी उंची, बसलेली उंची आणि वजन ठरावीक काळाने टिपतात, आई-वडिलांची उंची विचारतात आणि वाढ कुठवर आली याचा अंदाज बांधतात. काही ठिकाणी जन्मतारीख बाजूला ठेवून वाढीच्या टप्प्यानुसार गट पाडून सामनेही खेळवतात. मग लवकर वाढलेल्याला नुसता धक्का मारून निभावत नाही आणि किरकोळ अंगाच्या मुलाला आपलं डोकं दाखवायला वाव मिळतो. झपाट्याने उंची वाढताना गुडघ्याखाली नडगीच्या हाडावर दुखरा उंचवटा येतो, टाचा दुखतात. त्या महिन्यांत सराव कमी करणारा फिजिओ पाहिजे. इथे मात्र मोठा क्लब सरळ उजवा. छोट्या क्लबात बऱ्याचदा एकच फिजिओ सगळ्या गटांना पुरतो आणि तोही संध्याकाळपुरता. तुमचं मूल उशिरा वाढणाऱ्यांतलं दिसत असेल तर या मुद्द्याला जास्त वजन द्या. दोन्हीकडे एकच विचारा: अंगाने लहान पण चांगला खेळणाऱ्याला तुम्ही किती वर्षं सांभाळता?

वसतिगृह की घर

इनिएस्ता बाराव्या वर्षी फुएन्तेआल्बिया गावातून ला मासियात आला आणि सुरुवातीच्या दिवसांत रडून काढलेल्या रात्रींबद्दल त्याने स्वतःच सांगितलंय. रोनाल्डोही त्याच वयात मदेइरा बेटावरून लिस्बनला आला. ही दोन नावं लोक वसतिगृहाच्या बाजूने देतात. मला ती उलटीच वाटतात. असे दोघे निभावले म्हणून आपल्याला ठाऊक, न निभावलेल्यांची नावं कुणाला माहीत नसतात. आयाक्समध्ये पूर्वापार भर घरून येणाऱ्या मुलांवर आहे. फ्रान्सच्या क्लेरफोंतेन केंद्रात, जे क्लबचं नसून महासंघाचं आहे, मुलं आठवडाभर राहतात आणि शनिवार-रविवारी घरी जाऊन आपल्या जुन्या क्लबकडूनच खेळतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी याहून शहाणी मांडणी मला माहीत नाही.

बारा वर्षांखालच्या मुलाला मी घराबाहेर ठेवणार नाही, समोर कुठलाही क्लब असो. रोजचा प्रवास एका बाजूने तासाभराच्या पुढे जात असेल तर तेही नको. अभ्यास आणि झोप दोन्ही त्यात जातात. परदेशी अकादमीचं आमिष कुणी दाखवत असेल तर फिफाचं कलम १९ डोळ्यांसमोर ठेवा. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणी मोजके अपवाद वगळता होतच नाही. युरोपीय संघाच्या आतली सोळा ते अठराची सवलत, सीमेलगत राहणारे, किंवा आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने स्थलांतरित झालेले, असे त्यातले मुख्य अपवाद. बार्सिलोनालाही २०१४ मध्ये याच कलमावरून शिक्षा झाली. ‘कागदपत्रं आम्ही बघून घेऊ’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा.

सतरा ते वीस: सगळ्यात निसरडा टप्पा

इथवर नीट आलेली मुलं इथे अडकतात. समवयस्कांविरुद्ध खेळून जेवढं शिकायचं ते शिकून झालेलं असतं. आता अंगावर पोट भरण्यासाठी खेळणारे तीस वर्षांचे बचावपटू आले पाहिजेत. स्पेनमध्ये यासाठी क्लबचा ‘ब’ संघ खालच्या श्रेणीत मोठ्यांविरुद्ध खेळतो. नेदरलँड्समध्येही योंग आयाक्स २०१३ पासून दुसऱ्या श्रेणीत आहे. प्रशिक्षण तेच, पद्धत तीच, मुलगा घरातच, आणि प्रतिस्पर्धी मात्र खरे. इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांखालच्यांची लीग वेगळी, म्हणून तिथे मुलं लोनवर, म्हणजे काही काळापुरती उसनी, दुसऱ्या क्लबात जातात. केन चार क्लबांत फिरून आला. माउंट आधी विटेसला आणि मग डर्बीला गेला. लोन चांगला की वाईट हे यजमान प्रशिक्षकावर ठरतं. त्याची जानेवारीत हकालपट्टी झाली तर तुमचा मुलगा उरलेला हंगाम बाकावर बसतो.

छोट्या क्लबात हा टप्पा आपोआप सुटतो, कारण मुख्य संघच त्या पातळीवर असतो. धोका दुसराच आहे: अकादमीच बंद पडण्याचा. इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबने २०१६ मध्ये आपली अकादमी गुंडाळली, कारण सोळाव्या वर्षाच्या आतच चांगली मुलं मोठे क्लब उचलून न्यायचे. त्याऐवजी त्यांनी मोठ्या क्लबांनी नाकारलेल्या तरुणांचा ‘ब’ संघ उभा केला. क्लबच्या दृष्टीने हिशेब बरोबर होता. तिथे शिकत असलेल्या बारा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने नाही. म्हणून छोट्या क्लबच्या बैठकीत मालक कधी बदलला आणि अकादमीचा प्रमुख किती वर्षं तिथे आहे, हे विचारायला लाजू नका.

दोन्हीकडे आणखी एक यादी मागा: सोडून दिलेली मुलं आज काय करतात. बहुसंख्य मुलं व्यावसायिक होत नाहीत, हे क्लबला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. इंग्लंडच्याच क्रिस्टल पॅलेस क्लबने सोडून दिलेल्या तरुणांचा तीन वर्षं पाठपुरावा करण्याची व्यवस्था केली आहे. सगळीकडे एवढं मिळणार नाही, पण निदान शाळेची हजेरी आणि परीक्षांचे निकाल कुणी बघतं का हे कळलं पाहिजे. उत्तर देताना समोरचा चाचरला तर मैदानांची संख्या विसरा.

गोलरक्षकासाठी मात्र यातलं बरंच बदलतं. जागा एकच, आणि ती प्रशिक्षक सहसा वयस्कर हातांत ठेवतात. सोळाव्या वर्षी मिलानच्या गोलपोस्टसमोर उभा राहिलेला दोन्नारुमा हा अपवाद. गोलरक्षक मुलासाठी मोठ्या क्लबचा स्वतंत्र गोलरक्षक-प्रशिक्षक पंधराव्या वर्षापर्यंत घ्यावा आणि पुढे मुख्य संघाच्या यादीऐवजी लोनची यादी तपासावी: गेल्या तीन-चार गोलरक्षकांना क्लबने कुठे पाठवलं आणि तिथे ते किती सामने खेळले.