शेळ्यांची पीपीआर तपासणी: आठ महिने वापरल्यानंतर

पीपीआर म्हणजे आपल्याकडची शेळ्यांची बुळकांडी. उस्मानाबादी शेळ्यांच्या कळपासाठी पट्टीवरची झटपट चाचणी, आरटी-पीसीआर (प्रयोगशाळेत विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) आणि एलायझा (रक्तातली प्रतिपिंडं दाखवणारी) या तिन्ही आठ महिने वापरून झाल्या. चाचण्यांबद्दल फारशी तक्रार नाही. दगा दिला तो नमुन्यांनी, आणि तोही बहुतेक वेळा उन्हाळ्यात.

पट्टी गोठ्यातच होते. नाकात फिरवलेला, काडीवरचा कापसाचा बोळा किटच्या द्रावणात घोळवायचा, थेंब टाकायचे, वीसेक मिनिटांत रेष दिसते. कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालल्याची, रेष उमटली नाही तर पट्टी बाद. रोगाची रेष आली तर विश्वास ठेवावा, नाही आली तर लगेच निश्चिंत होऊ नये. ताप चढल्यापासून पहिल्या काही दिवसांत नाका-डोळ्यांच्या स्रावात विषाणू भरपूर असतो. हगवण लागून चार-पाच दिवस झालेल्या शेळीचा बोळा घेतला की पट्टी कोरी येते आणि नाव किटचं खराब होतं.

अशा वेळी पीसीआर. बोळा प्लास्टिकच्या काडीचा हवा, लाकडी नको. तो विषाणू-वाहक (वाटेत विषाणू टिकवणाऱ्या) द्रावणात टाकायचा. सोबत जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए नळीत रक्त. शेळी मेलीच तर प्लीहा, फुप्फुस आणि आतड्याजवळच्या लसिकाग्रंथीचा तुकडा बर्फावर पाठवायचा. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ठीक. पीसीआरच्या दृष्टीने तो वाया गेल्यात जमा.

खरी कटकट एलायझाच्या रक्ताची. पशुवैद्यकाकडून मानेच्या शिरेतून ४-५ मिली रक्त लाल टोपणाच्या साध्या नळीत घ्यायचं. नळी सावलीत तासभर तरी तिरकी ठेवायची. गोठ्यातली सावली चालत नाही. एप्रिलमध्ये पत्र्याखाली भट्टी असते. रक्ताची गाठ आकसली की वर करडईच्या तेलासारखं पिवळसर रक्तजल सुटतं, ते दोन मिलीच्या कुपीत अलगद काढायचं. रक्तजल लालसर निघालं तर पेशी फुटल्या समजा. सिरिंज घाईने ओढली, सुई न काढता तिच्यातूनच रक्त नळीत जोरात सोडलं, गाठ बसायच्या आत नळी मोटारसायकलच्या डिकीत घातली किंवा बर्फ थेट नळीला लागला, ही नेहमीची कारणं. बर्फाच्या पिशव्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं तर शेवटचं टळतं.

एक बारीक गोष्ट: पाणी सुटलं की नळीवरची मार्करची शाई पुसते. चिकटपट्टीवर पेन्सिलने लिहिलेलं टिकतं. कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर नळीवर मावत नाही, म्हणून नळीवर अनुक्रमांक आणि कागदावर त्याच्यासमोर नंबर, वय, लसीची तारीख, ताप कधी चढला ते. सोलापूरहून पुण्याच्या औंधला, पशुरोग अन्वेषण विभागात, नमुने पाठवायचे तर अंतर सुमारे २५० किलोमीटर. डबा सोमवारी-मंगळवारी निघावा. शुक्रवारी निघालेला रविवारी कुठल्या तरी गोदामात पडून राहतो आणि थर्माकोलमध्ये कोमट पाणी उरतं.

एलायझाची मर्यादा आधी समजून घ्या. ती विषाणू शोधत नाही, प्रतिपिंडं दाखवते. लस जिवंत विषाणूची असल्याने ती प्रतिपिंडं लसीची की रोगाची, हे कळत नाही. आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडं करडांत तीन-चार महिने दिसतात. त्यामुळे लस बसली का हे बघायला ती उत्तम: टोचल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावं. रोग ठरवायला मात्र लस न दिलेल्या शेळ्यांचं दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त लागतं.

किती शेळ्या तपासायच्या? दहा टक्के कळप बाधित असेल तर त्यातली एक तरी सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर ४० च्या कळपात २१ नमुने लागतात. पाच घेऊन ‘कळप स्वच्छ’ म्हणणं म्हणजे पैसे वाया.

सांगोल्याच्या बाजारातून आणलेली शेळी २१ दिवस वेगळी बांधावी, रोज ताप बघावा. १०४ फॅरनहाइटच्या वर गेला की त्याच दिवशी बोळा, आणि संशय पक्का वाटला तर दवाखान्यात वर्दी. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्याने हा कळवायचाच रोग आहे.

एक तक्रार उरतेच. अहवालात नुसतं ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ येतं. एलायझाची टक्केवारी मागून घ्या. कट-ऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह ठरवायची सीमा, किटगणिक वेगळा असतो आणि सीमेवरचा आकडा असेल तर तीच शेळी पुन्हा तपासावी लागते.