नारायणगावच्या मळ्यात चौदा महिने, आणि एक जळालेली मोटर

मागच्या आठवड्यात मंगळवारी पाण्याची मोटर जळाली म्हणून आज हे लिहायला बसले, नाहीतर सहा महिने ‘लिहू, लिहू’ म्हणत नुसतं पुढे ढकलत होते. पुणे-नाशिक रस्त्याने गेलेल्या प्रत्येकाला नारायणगाव माहीत असतं, तेव्हा ते कुठे आहे वगैरे सांगत बसत नाही. राहायला कसं आहे तेवढं सांगते.

आम्ही तिघं: मी, नवरा आणि सासूबाई. नवऱ्याची नोकरी चाकणला. माझं काम घरबसल्या, दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न भरण्याचं. भोसरीत दोन खोल्यांना १५ हजार भाडं देत होतो. इथे गावापासून दोन किलोमीटरवर मळ्यात तीन खोल्या, ओटा, पुढे अंगण आणि दारात शेवगा, भाडं ६ हजार. वर्षाला १ लाख ८ हजारांचा फरक. नवऱ्याच्या पेट्रोलचे वाढीव तीसेक हजार वजा केले तरी पंचाहत्तर हजारांच्या वर हातात राहतात. या एका आकड्यासाठी आम्ही आलो, हे आधीच सांगते.

आता मोटर. अर्ध्या एचपीची, खालच्या टाकीतलं पाणी वर चढवणारी, घेऊन सात महिने झालेले. संध्याकाळी सहाला बटण दाबलं, ती नुसती घुमली, फिरली नाही, आणि मिनिटभरात जळक्या लाखेचा वास आला. वॉरंटी होती म्हणून कंपनीच्या पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. दोन दिवसांत चार वेळा फोन, प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटी उत्तर आलं, की कमी व्होल्टेजने जळालेली मोटर वॉरंटीत बसत नाही, दुरुस्तीचे ३,८०० होतील आणि मोटर आणून द्यावी लागेल. मोटर न बघताच यांना कमी व्होल्टेज कळलं! मी बिल, कार्ड, फोटो सगळं पाठवलं होतं. अजून राग गेलेला नाही.

इकडे घरमालक नानांनी पहिल्याच संध्याकाळी काही न विचारता विहिरीवरून शंभर फूट पाइप ओढून आमच्या टाकीत सोडला होता. काकू म्हणाल्या, “पाण्यावाचून कुनी राहतं का? तुमचं भांडण तुम्ही सावकाश भांडा.” गुरुवारी नानांनीच मोटर गाडीवर टाकली आणि गावातल्या रिवायंडिंगवाल्याकडे नेली. मीही गेले. त्या दादांनी झाकण काढून मला आतलं दाखवलं. तांब्याच्या तारेचे वेटोळे एका बाजूला अजून तांबूस चकचकीत, दुसऱ्या बाजूला कोळशासारखे काळे, बोट लावलं की वरचं वार्निश पापुद्र्यासारखं सुटत होतं. त्यांनी जुनी तार छिन्नीने तोडून काढली, वजन केली, मोडीचे पैसे बिलातून वजा केले. नवी तार भरली, वार्निश दिलं, वाळवली आणि शुक्रवारी दुपारी मोटर घरी. एकूण १,३५० रुपये. जाताना म्हणाले, “ताई, मोटरला दोष नाही. मीटर लावा आणि बघा तुमच्याकडं काय येतंय ते.”

मीटर मी लावला. खरं तर मीटर घरात आधीपासूनच होता. फ्रिज मध्येच बंद पडायला लागला तेव्हा मार्चमध्ये साधा सॉकेटमध्ये खोचायचा व्होल्टमीटर आणला होता, पण रिकामा वेळ असेल तेव्हाच बघायचे. आता रोज पाच वेळा नोंद करते. सकाळी दहाला २३०, दुपारी २२५. आणि शेतातल्या मोटरी चालवणारी थ्री फेज लाइट यायच्या क्षणी थेट १५५. एका रात्री १४८ पाहिला. पंखा चालू असतो पण वारा लागत नाही, ट्यूब लुकलुकते, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. वीस तारखेला रिटर्न भरायच्या ऐन गडबडीत तीन वेळा असं झालं की रडू यायचं बाकी राहतं.

याचं कारण मला वर्षभर कळलं नव्हतं, आणि मी सरळ वायरमनला दोष देत होते. शेतीला थ्री फेज दिवसात ठरावीक तासच मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बाराला उठून विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबायचा. आणि जुन्नर तालुक्यात रात्री बाराला उसाच्या बांधावरून जायचं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय समजत नाही. पहिले तीन महिने मला वाटायचं, बिबट्याच्या गोष्टी लोक वाढवून सांगतात. मग डिसेंबरात शेजारच्या उसाला तोड लागली आणि सरीत दोन बछडे सापडले, मांजराच्या पिलापेक्षा थोडे मोठे, डोळे नुकते उघडलेले. तोड थांबली. वनखात्याची माणसं आली, बछडे तिथेच क्रेटमध्ये ठेवले, रात्री मादी येऊन घेऊन गेली. सकाळी रिकामं क्रेट आणि ओल्या मातीत पंजाचे ठसे. त्या दिवसापासून मी अंधार पडल्यावर कचरासुद्धा टाकायला जात नाही. बिबट्याला ऊस म्हणजे घर, पाणीही तिथेच आणि कुत्रीही. माणिकडोहला निवारा केंद्र आहे, वनखातं धावपळ करतं, तरी या तालुक्यात माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. वाढवून सांगण्यासारखं यात काही नाही. मी चुकले होते.

म्हणून प्रत्येकाने मोटरला ऑटो लावलाय. लाइट आली की मोटर आपोआप सुरू, विहिरीवर जायला नको. एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, आमच्या बाजूच्या अकरा मोटरी आणि आमच्या घराची लाइटही; मोटरी सगळ्या एकाच श्वासात उठतात. मोटर सुरू होताना चालू मोटरीच्या कितीतरी पट करंट ओढते. डीपीवर सगळा भार एकदम येतो, व्होल्टेज पडतं, कधी डीओ (डीपीवरचा फ्यूज) उडतो, उन्हाळ्यात डीपीच जळतो आणि पिकं वाळतात. माझ्या फ्रिजचं आणि मोटरीचं दुखणं शेवटी रात्रीच्या पाळीत आणि बिबट्यात होतं. दिवसा थ्री फेज द्या ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी मी पूर्वी पेपरात वाचून पान उलटायचे. आता वाटतं, तालुक्यात एवढं एकच काम झालं तरी पुरे.

वही घेऊन मी नानांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून सगळे आकडे वाचले आणि रविवारी डीपीवरच्या लोकांना ओट्यावर बोलावलं. ऑटोला उशिराची सोय असते, ती कुणी वापरतच नव्हतं. ठरलं असं: नानांची मोटर लगेच, पुढची अर्ध्या मिनिटाने, त्यापुढची एका मिनिटाने, अशी ओळ. व्होल्टेज सावरायला मदत करणारे कपॅसिटर चौघांनी काढून ठेवले होते, ते पुन्हा बसवले. दोघं आलेच नाहीत, त्यांच्या मोटरी अजून एकदमच उठतात. तरी गेले पाच दिवस सगळ्यात खाली गेलेला आकडा १८२ आहे. २३० नाही, पण मोटर जळायची भीती बरीच कमी झाली. जूनमध्ये मी मैत्रिणीला सांगितलं होतं की मळ्यात अजिबात घर घेऊ नकोस. ते आता मागे घेते. गावठाणाची लाइट वेगळ्या फीडरवर, म्हणजे वेगळ्या लाइनवर असते, तिथे हा त्रास नाही. घरबसल्या काम असेल तर गावठाणातच बघा. पण मळ्यात राहायचं तर आधी डीपीवर किती मोटरी आहेत ते विचारा, भाडं नंतर.

बाकी सोयींचं थोडक्यात. दवाखाने, बँका, शाळा, एसटी स्टँड, सगळं जवळ. बायपास झाल्यापासून गावातून चालता येतं. पुणं पंचाहत्तर किलोमीटर, पण खरं अंतर चाकणच्या चौकात किती वेळ जातो त्यावर. नवरा पहाटे साडेपाचला निघतो. जवळच्या खोडदला जीएमआरटी या प्रकल्पाच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणींच्या तबकड्या आहेत. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला प्रकल्प बघायला सोडतात, जरूर जा. सासूबाई त्या एवढ्या मोठ्या जाळीच्या तबकडीखाली उभ्या राहून बराच वेळ वर बघत होत्या.

माणसांविषयी मात्र थोडक्यात सांगता येत नाही. आलो त्या आठवड्यात काकूंनी मासवडी करून पाठवली. नंतर मी शेजारी बसून शिकले. बेसन शिजवून घट्ट करायचं, ओल्या फडक्यावर थापायचं, वर भाजलेलं खोबरं, तीळ, लसूण, कांद्याचं सारण पसरून फडक्यासकट गुंडाळायचं आणि माशासारखा आकार द्यायचा. हात थांबला की बेसन भेगाळतं. बाजरीची भाकरी आणि पातळ झणझणीत रस्सा. माझी तिसऱ्या वेळेला जमली. भाजीवर आमचा खर्च निम्म्यावर आला, कारण कुणी ना कुणी दारात वांगी, मेथी, काकड्या ठेवून जातं. पैसे विचारले तर राग येतो, म्हणून मी त्यांचे फॉर्म भरून देते, पीक विम्याचे, मुलांच्या शिष्यवृत्तीचे.

टोमॅटोचं मात्र बघवत नाही. इथला बाजार मोठा, हंगामात क्रेटांच्या गाड्यांची रांग लागते. २०२३च्या जुलैत वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं, ते सगळ्यांना आठवतं. यंदा एका सकाळी नानांना क्रेटला ९० रुपये मिळाले. त्यांच्या वहीत मी तोडणीची मजुरी, भाडं, हमाली मांडली, तर हातात चौदा रुपये, त्यात औषधं आणि तारकाठी धरलेलीच नाही. त्या दिवशी नाना जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात टोमॅटोची पाटी होती. ती घेताना माझे हात जड झाले.

गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी यात्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात, गाव गजबजून जातं. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. सासूबाईंनी लहानपणी त्यांना पाहिलं होतं, त्या राहुट्यांपर्यंत चालत गेल्या आणि एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याशी तासभर बोलत बसल्या. भोसरीत त्या आठवडाभरात एवढं बोलत नसत.

करार पुढच्या महिन्यात संपतोय. नानांनी ५०० रुपये वाढ मागितली, मी स्टॅबिलायझरचे निम्मे पैसे मागितले, दोघांनी मान्य केलं. आज रात्रीची पाळी आहे. बाराला लाइट येईल. न आलेल्या त्या दोघांपैकी एकाकडे नाना संध्याकाळी जाऊन आलेत, म्हणून आजचा आकडा मी जागून बघणार आहे.